ट्रेलर स्थिर चालावा यासाठी ट्रक आणि हिच यांची जुळणी कशी करावी

ट्रेलर रस्त्यावर डोलू लागला की दोष वाऱ्याला, शेजारून भरधाव गेलेल्या मोठ्या वाहनाला किंवा खराब रस्त्याला दिला जातो. ही निमित्ते खरी असतात. पण त्यांनी ट्रेलरला फक्त धक्का दिलेला असतो. तो धक्का दोन-तीन सेकंदांत विरून जाणार की वाढत जाणार, हे गाडी जागेवरून हलण्यापूर्वीच ठरून गेलेले असते. सामान कुठे ठेवले, ट्रकमागच्या ज्या गोळ्यावर ट्रेलर टेकतो त्या बॉलवर किती भार आला, ट्रकची पुढची चाके किती हलकी झाली आणि टायरांत हवा किती आहे, या सर्व गोष्टी उभ्या गाडीवर मोजता येतात आणि उभ्या गाडीवरच दुरुस्त करता येतात. म्हणून पुढील सर्व मार्गदर्शन मोजमापावर आधारलेले आहे. नजरेचा अंदाज या कामात वारंवार फसतो.

येथे गृहीत धरलेली जोडणी म्हणजे पिकअप ट्रक, त्याच्या चासीला मागे बसवलेला चौकोनी पोकळ रिसीव्हर, त्यात अडकवलेला बॉल (ट्रकमागच्या या जोडसामानाला हिच म्हणतात) आणि त्या बॉलवर कपलरने, म्हणजे नाकावरच्या पकडीने, बसणारा ट्रेलर. फिफ्थ व्हील आणि गूजनेक या जोडण्यांत ट्रेलरचा भार ट्रकच्या मागच्या एक्सलवर किंवा त्याच्या किंचित पुढे उतरतो, त्यामुळे त्या मुळातच अधिक स्थिर असतात. त्यांचे हिशेब वेगळे असल्याने त्यांचा विचार येथे केलेला नाही.

डोलणे सुरू कसे होते

ट्रेलर बॉलभोवती वळायला मोकळा असतो. बाजूने धक्का बसला की त्याचा मागचा भाग एका अंगाला सरकतो, टायर त्याला परत रेषेत आणतात, पण तो रेषा ओलांडून दुसऱ्या अंगाला जातो. कमी वेगात प्रत्येक हेलकावा आधीच्यापेक्षा लहान होतो आणि सारे शांत होते. वेग वाढतो तसे हे शमन कमी होत जाते. प्रत्येक जोडणीला असा एक वेग असतो की त्याच्या पुढे हेलकावा कोणी काही केले नाही तरी आपोआप मोठा होत जातो. जुळणीचा सारा उद्देश हा वेग आपल्या प्रत्यक्ष चालवण्याच्या वेगापेक्षा बराच वर ठेवणे हा आहे.

त्या वेगावर सर्वाधिक परिणाम करणाऱ्या गोष्टी ट्रेलरमध्येच असतात: बॉलवर येणारा भार, वजन ट्रेलरच्या मध्याभोवती एकवटले आहे की दोन्ही टोकांना विखुरले आहे, आणि गुरुत्वमध्याच्या तुलनेत एक्सलची जागा. इंग्लंडमधील बाथ विद्यापीठात कॅरॅव्हॅनच्या, म्हणजे राहण्याची सोय असलेल्या ट्रेलरच्या, स्थैर्यावर झालेल्या प्रयोगांमधूनही याच गोष्टींचे महत्त्व पुढे आले. त्याखालोखाल ट्रकचा वाटा येतो. लांब व्हीलबेस (पुढच्या आणि मागच्या एक्सलमधले अंतर), कडक बाजू असलेले टायर आणि मागच्या एक्सलपासून बॉलपर्यंतचे कमी अंतर या ट्रकच्या जमेच्या बाजू आहेत, कारण ट्रेलर बॉलला आडवा ढकलतो तेव्हा हे अंतर तरफेसारखे काम करून ट्रकचा मागचा भाग फिरवू पाहते. म्हणूनच बॉलचा दांडा रिसीव्हरमधून गरजेपेक्षा अधिक बाहेर ठेवू नये, आणि रिसीव्हर लांब करणारा जोड-तुकडा जड ट्रेलरसाठी वापरूच नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

आधी कागदावरचा हिशेब

जाहिरातीत ठळक छापलेला आकडा ओढण्याच्या क्षमतेचा असतो. पण बहुतेक पिकअप त्या आकड्यापर्यंत पोहोचण्याच्या कितीतरी आधी दुसऱ्याच मर्यादेला टेकतात, ती म्हणजे पेलोड, ट्रकने स्वतःच्या अंगावर पेलायचे वजन. अमेरिकेतील एसएई संस्थेच्या जे२८०७ या मानकानुसार पिकअपची ओढण्याची क्षमता ठरवताना ट्रकमध्ये चालक आणि एक प्रवासी, प्रत्येकी सुमारे ६८ किलो, एवढीच माणसे धरलेली असतात. कुटुंब, हत्यारांची पेटी आणि मागच्या हौद्यातले सामान या हिशेबात नसते.

चालकाच्या दाराच्या चौकटीवरील पट्टीवर माणसे आणि सामान मिळून किती वजन चालेल ते लिहिलेले असते. त्यातून माणसे, सामान, हिचचे स्वतःचे वजन आणि बॉलवर येणारा भार असे सगळे वजा करावे. एक उदाहरण घेऊन ते शेवटपर्यंत वापरू. रिकाम्या ट्रकचे वजन २,३८० किलो, कमाल एकूण वजन ३,०५० किलो, म्हणजे पेलोड ६७० किलो. तीन माणसांचे २३५, सामानाचे ४० आणि हिचचे ४५ किलो मिळून ३२० किलो झाले. भरलेला ट्रेलर २,५०० किलोचा असून त्याचा बॉलवर ३२० किलो भार येतो. बेरीज ६४० किलो. या ट्रकची ओढण्याची क्षमता ३,४०० किलो छापलेली असली तरी २,५०० किलोच्या ट्रेलरलाच त्याच्याकडे फक्त ३० किलो शिल्लक उरतात.

याच टप्प्यावर मागच्या एक्सलची मर्यादा, रिसीव्हरवरील पट्टीत दिलेल्या दोन्ही मर्यादा (ओढायचे वजन आणि बॉलवरचा भार), बॉलच्या माथ्यावर कोरलेली क्षमता आणि ट्रेलरचे कमाल वजन हे आकडे एका कागदावर लिहून घ्यावेत. साखळीतील सर्वांत कमी आकडा हीच पूर्ण जोडणीची मर्यादा असते. काही रिसीव्हरांवर भार वाटून देणाऱ्या हिचसह आणि तिच्याशिवाय असे वेगवेगळे आकडे असतात, ते नीट वाचावेत.

बॉलचा आकार कपलरवर लिहिलेल्या आकाराशी तंतोतंत जुळायला हवा. उत्तर अमेरिकेत १ ७/८, २ आणि २ ५/१६ इंच हे तीन आकार रूढ आहेत, तर युरोपीय कपलर ५० मिलिमीटरच्या बॉलसाठी असतात. २ इंच म्हणजे ५०.८ मिलिमीटर, हा फरक डोळ्यांना दिसतही नाही, तरी एकाच्या जागी दुसरा चालवू नये. लहान बॉलवर मोठा कपलर बसवला तर खटका लागतो, सारे ठीक वाटते आणि पहिल्या मोठ्या उंचवट्यावर कपलर वर निसटू शकतो.

सामान भरणे

या प्रकारच्या ट्रेलरसाठी बॉलवरचा भार ट्रेलरच्या भरलेल्या वजनाच्या १० ते १५ टक्के असावा, हा सर्वमान्य दंडक आहे. कमी वजनाच्या युरोपीय कॅरॅव्हॅनसाठी तेथील उत्पादक ५ ते ७ टक्क्यांची शिफारस करतात, पण त्या ट्रेलरांची बांधणी आणि तेथील वेगमर्यादा वेगळ्या आहेत. तो आकडा उचलून जड ट्रेलरला लावणे धोक्याचे आहे. बैलगाडी उलाळ, म्हणजे मागे जड, भरली की जू वर उचलले जाते आणि गाडी बैलांच्या ताब्यात राहत नाही, तेच उलाळ भरलेल्या ट्रेलरचे होते. धुरजड, म्हणजे पुढे फार जड, भरलेला ट्रेलर मात्र ट्रकचा मागचा भाग दाबतो आणि पुढची चाके हलकी करतो. दोन्हींत निवड करायची वेळ आली तर उलाळपणा अधिक घातक समजावा.

जड वस्तू तळाशी, एक्सलच्या जवळ आणि त्याच्या किंचित पुढे ठेवाव्यात. मालवाहू ट्रेलरसाठी सुमारे ६० टक्के वजन एक्सलच्या पुढे हा सोपा आरंभबिंदू आहे. परंतु बॉलवरचा भार बरोबर आला म्हणजे भराई बरोबर झाली असे समजू नये. मागच्या टोकाला जड पेटी ठेवून तिचा परिणाम पुढच्या टोकाला दुसरी जड पेटी ठेवून भागवला, तर काटा योग्य आकडा दाखवेल. तरीही ट्रेलर एकदा फिरू लागला की त्याला थांबवणे कठीण जाईल, कारण फिरण्याला होणारा विरोध अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ६० किलोचे सामान एक्सलपासून अर्ध्या मीटरवर ठेवणे आणि तेच ३.२ मीटरवर ठेवणे यांत त्या सामानापुरता सुमारे ४१ पटींचा फरक पडतो.

मागच्या टोकाला टांगलेल्या सायकली आणि पाण्याची टाकी या दोन गोष्टींकडे फार दुर्लक्ष होते. आपल्या उदाहरणातील ट्रेलरमध्ये बॉलपासून एक्सलचा मध्य ५ मीटरवर आहे असे धरू. एक्सलच्या १.५ मीटर मागे असलेल्या टाकीत १५० लिटर पाणी भरले, तर बॉलवरचा भार ४५ किलोंनी घटतो. मागच्या बंपरवर, एक्सलपासून ३.२ मीटरवर, सायकली आणि त्यांचा सांगाडा मिळून ६० किलो टांगले तर आणखी ३८ किलो जातात. आधीचे ३२० किलो आता २३७ झाले आणि ट्रेलरचे वजन वाढून २,७१० किलो झाले. १२.८ टक्क्यांचे ८.७ टक्के झाले, तेही नित्याच्या दोन साध्या गोष्टींनी. त्यात सायकली अगदी शेपटाला असल्याने त्यांचा दुसरा तोटा वेगळाच. सायकली ट्रकच्या हौद्यात ठेवाव्यात, मात्र पेलोडचा हिशेब पुन्हा करावा. आणि टाकी मागे असेल तर प्रवासात ती रिकामी ठेवावी किंवा ती भरलेली धरूनच बाकीची भराई ठरवावी. अर्धवट भरलेल्या टाकीतले पाणी उसळत राहते, म्हणून ती स्थिती टाळलेली बरी.

सामान पट्ट्यांनी बांधून टाकावे. जोराच्या ब्रेकने पुढे किंवा चढावर मागे सरकलेली एक जड पेटी वरचा सगळा हिशेब रद्द करते.

वजन प्रत्यक्ष मोजणे

सर्वांत भरवशाचा मार्ग वजनकाट्याचा आहे. एक्सलनिहाय वजन मिळेल असा काटा निवडावा आणि तीन वजने करावीत: एकटा ट्रक, माणसे व सामानासह, ट्रेलर जोडलेला पण हिचचे स्प्रिंग-दांडे (भार वाटून देणाऱ्या हिचचे, त्यांविषयी पुढे) ताणलेले नाहीत, आणि ट्रेलर जोडून दांडे ताणलेले. आपल्या उदाहरणात पहिल्या वजनात पुढचा एक्सल १,४८० आणि मागचा १,२२० किलो, एकूण २,७०० आले. दुसऱ्या वजनात पुढचा १,३५०, मागचा १,६७० आणि ट्रेलरचे एक्सल २,१८० किलो. ट्रकच्या दोन्ही एक्सलांची बेरीज ३,०२० झाली, म्हणजे ३२० किलो बॉलवरून आले. ट्रेलरचे पूर्ण वजन २,५०० किलो आणि प्रमाण १२.८ टक्के.

या आकड्यांत एक गोष्ट लक्षपूर्वक पाहण्यासारखी आहे. बॉलवर ३२० किलो उतरले, पण मागच्या एक्सलवर ४५० किलो वाढले. वरचे १३० किलो पुढच्या एक्सलवरून उचलले गेले आहेत, कारण बॉल मागच्या एक्सलच्या बराच मागे आहे. स्टीअरिंग आणि ब्रेक यांचा मोठा भाग ज्या चाकांवर अवलंबून आहे त्यांच्यावरचेच वजन गेले.

वजनकाटा हाताशी नसेल तर बॉलवरचा भार घरगुती काट्यानेही काढता येतो. सपाट जागेवर ट्रेलरच्या चाकांना दोन्ही बाजूंनी अटकाव लावावा. काट्याच्या उंचीएवढा ठोकळा एका बाजूला आणि काटा दुसऱ्या बाजूला ठेवून त्यांवर मजबूत तुळई आडवी टाकावी. ठोकळ्यापासून ३० सेंटीमीटरवर आणि काट्यापासून ६० सेंटीमीटरवर कपलरचा भार एका उभ्या पाइपने तुळईवर उतरवावा. काट्यावरचा आकडा तीनने गुणला की बॉलवरचा भार मिळतो. तुळईचे स्वतःचे वजन दाखवणारा आकडा आधी वजा करायला विसरू नये, आणि मोजताना ट्रेलर प्रवासात असतो तितकाच समतल ठेवावा.

बॉलची उंची आणि हिचची घट्ट बैठक

भरलेला ट्रेलर सपाट जमिनीवर पुढच्या जॅकने समतल करावा, म्हणजे पुढे आणि मागे चासीची जमिनीपासूनची उंची सारखी यावी. त्या स्थितीत कपलरच्या बॉल बसणाऱ्या पोकळीच्या माथ्याची उंची मोजावी. जोडल्यावर ट्रकचा मागचा भाग खाली बसतो, म्हणून सुटा असताना बॉलचा माथा या उंचीपेक्षा साधारण २० ते २५ मिलिमीटर वर ठेवून सुरुवात करावी; मऊ स्प्रिंगच्या ट्रकला अधिक लागेल. अंतिम स्थितीत ट्रेलर समतल किंवा नाकाकडे अगदी किंचित खाली असावा. नाक वर असलेला ट्रेलर चालवू नये. दोन एक्सलांच्या ट्रेलरमध्ये समतलपणाला आणखी एक महत्त्व आहे: तिरपेपणामुळे एकाच एक्सलच्या टायरांवर जास्त भार येऊ शकतो.

बॉलचा नट पान्याने जोर लावून घट्ट केला एवढ्यावर समाधान मानू नये. १ इंच जाडीच्या दांड्याला साधारण ३४० न्यूटन-मीटर आणि १ १/४ इंच दांड्याला सुमारे ६१० न्यूटन-मीटर टॉर्क लागतो. उत्पादकाचा आकडा वेगळा असेल तर तो पाळावा. रिसीव्हर आणि त्यातला चौकोनी दांडा यांच्यातील खुळखुळ प्रत्येक हेलकाव्याला थोडी मोकळीक देते, म्हणून ती आवळणारा क्लॅम्प लावणे चांगले. कपलरची आतली जीभ झिजली असेल किंवा तिची जुळणी सैल असेल तर तीही आवळावी. बॉलला पातळ ग्रीस लावावे. मात्र घर्षणावर चालणाऱ्या काही कपलरांसाठी बॉल पूर्ण कोरडा आणि स्वच्छ हवा असतो, तेथे ग्रीसचा थेंबही चालत नाही.

कपलर बसून खटका लागला की त्यात पिन घालावी. मग पुढचा जॅक फिरवून ट्रेलरचे नाक वर उचलायला लागावे. कपलर खरोखर बॉलला धरून असेल तर ट्रकचा मागचा भाग त्याच्यासोबत वर येताना दिसतो, पाटे सैल होतात आणि बंपर दोन-तीन बोटे चढतो. कपलर एकटाच वर आला तर तो बसलेलाच नव्हता. या तपासणीला अर्धे मिनिट लागते आणि ती प्रत्येक जोडणीला करावी.

भार वाटून देणारी हिच

जड ट्रेलरसाठी वेट डिस्ट्रिब्युशन हिच वापरतात. तिचे दोन लांब स्प्रिंग-दांडे हिचच्या डोक्यातून निघून ट्रेलरच्या ए-आकाराच्या चौकटीखाली जातात आणि साखळीने किंवा कंसाने वर ताणले जातात. या ताणामुळे ट्रक आणि ट्रेलर यांचा जोड मध्ये खचत नाही. मागच्या एक्सलवरचे काही वजन पुढच्या एक्सलवर परत जाते आणि काही ट्रेलरच्या एक्सलवर जाते. आधी ट्रकचे आणि ट्रेलरचे माहितीपुस्तक पाहावे, कारण काही ट्रक आणि काही सर्ज-ब्रेकचे (ट्रेलर ट्रकला ढकलतो त्या जोराने लागणाऱ्या ब्रेकचे) ट्रेलर अशा हिचला परवानगी देत नाहीत.

जुळणीचे माप पुढच्या मडगार्डच्या कडेवर घेतात. चाकाच्या मध्यातून सरळ वर, जमिनीपासून मडगार्डच्या कडेपर्यंतचे अंतर ट्रेलर जोडण्यापूर्वी मोजावे. आपल्या उदाहरणात ते ९१५ मिलिमीटर आहे. ट्रेलर जोडून, दांडे न ताणता, पुन्हा मोजावे. आता ९४० आले, म्हणजे पुढचा भाग २५ मिलिमीटर उचलला गेला. यातील किती परत मिळवायचे हे ट्रकच्या पुस्तकात असते. काही उत्पादक निम्मे सांगतात, काही पूर्ण. दोन-तृतीयांशाच्या आसपास आणले तर मडगार्ड ९२३ मिलिमीटरवर येईल. तिसऱ्या वजनात हेच पुढच्या एक्सलवर १,४४०, मागे १,५१५ आणि ट्रेलरच्या एक्सलवर २,२४५ किलो असे दिसते. गेलेल्या १३० किलोंपैकी ९० परत आले. एकूण ५,२०० किलो तसेच राहिले, फक्त वाटणी बदलली. ट्रेलरच्या एक्सलवर वाढलेले ६५ किलो त्याच्या मर्यादेत बसतात का तेवढे पाहून घ्यावे.

परत आलेले वजन अपुरे असेल तर साखळीची आणखी एक कडी आत घ्यावी किंवा हिचच्या डोक्याचा कल वॉशर वाढवून मागे न्यावा. पुढचा भाग मूळ उंचीपेक्षा खाली जाईल इतका ताण मात्र कधीच देऊ नये. तसे केल्यास मागची चाके हलकी होतात, आणि ओल्या वळणावर मागची बाजू घसरण्याचा धोका उभा राहतो. दांड्यांत साठलेली शक्ती मोठी असते. म्हणून कपलर आणि ट्रकचा मागचा भाग जॅकने एकत्र वर उचलून, ताण कमी करूनच ते चढवावेत आणि उतरवावेत, आणि तसे करताना डोके व हात दांड्याच्या झेपेबाहेर ठेवावेत. दांडे बॉलवर येणाऱ्या भाराच्या मानाने निवडावेत. फार कडक दांडे ट्रेलरच्या चौकटीला धक्के देतात.

मागच्या स्प्रिंगमध्ये बसवायच्या हवेच्या पिशव्यांविषयी येथेच लिहितो, कारण त्यांच्यामुळे पुष्कळ जण फसतात. हवा भरली की ट्रक सपाट दिसतो, दिव्यांचा झोत खाली येतो आणि काम झाले असे वाटते. पण पुढच्या एक्सलवरून गेलेले वजन जवळपास तसेच गेलेले राहते. मडगार्डचे माप पिशव्यांतील हवा किमान ठेवून घ्यावे, हिच जुळवावी आणि मग गरज असेल तरच थोडी हवा भरावी. ट्रकमध्ये आपोआप उंची सांभाळणारे सस्पेन्शन असेल तर ते बंद करायचे की चालू ठेवायचे हे पुस्तकातून पाहावे.

डोलरोधक दांडा

घर्षणाने हेलकावे अडवणारा दांडा, किंवा हिचमध्येच अंगभूत असलेली तशी सोय, ही चांगल्या जुळणीवर घातलेली भर आहे. माझा आग्रह असा की वरील सर्व कामे करून, दांडा न लावता, मोकळ्या रस्त्यावर मध्यम वेगात ट्रेलर शांत चालतो हे आधी पाहावे आणि मगच दांडा लावावा. उलाळ ट्रेलरला दांड्याने गप्प केले तर तो फक्त थोड्या अधिक वेगापर्यंत गप्प राहतो, आणि नंतर बिथरतो तेव्हा वेग आधीपेक्षा जास्त असतो. एकेरी घर्षण-दांडा मागे घेताना काढून ठेवावा लागतो, नाहीतर तो वाकतो. निसरड्या रस्त्यावरही उत्पादकाची सूचना पाहावी. ट्रकमधील इलेक्ट्रॉनिक स्थैर्य-यंत्रणा चाकांचे ब्रेक वेगवेगळे लावून हेलकावे मोडते, ती बंद करू नये.

टायर, ब्रेक आणि साखळ्या

ट्रकच्या मागच्या टायरांत दारावरील पट्टीवर पूर्ण भारासाठी दिलेली हवा, थंड टायरवर मोजून भरावी. टायरच्या बाजू जितक्या ताठ तितका ट्रकचा मागचा भाग आडव्या जोराला कमी दबतो. म्हणून जड कामाला एलटी (लाइट ट्रक) प्रकारचे टायर मऊ प्रवासी टायरांपेक्षा चांगले. ट्रेलरच्या टायरांत उत्पादकाने सांगितलेला दाब असावा, जो बहुधा टायरवर लिहिलेल्या कमाल दाबाएवढा असतो. ट्रेलरचे अनेक टायर ताशी सुमारे १०५ किलोमीटरपर्यंतच्याच वेगासाठी असतात, ट्रक त्याहून वेगात सहज जाऊ शकत असला तरी. टायरवरील डीओटी खुणेतील शेवटचे चार अंक तयार झालेला आठवडा आणि वर्ष सांगतात: २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. नक्षी शाबूत असूनही जुना, उन्हात उभा राहून तडकलेला टायर बदलावा.

विजेच्या ब्रेकसाठी ट्रकमध्ये कंट्रोलर लागतो. ट्रक किती जोराने थांबतो आहे ते ओळखून त्या प्रमाणात ट्रेलरचा ब्रेक लावणारा कंट्रोलर, ठरावीक वेळाने जोर वाढवणाऱ्या कंट्रोलरपेक्षा पुष्कळ सरस असतो. मोकळ्या, कोरड्या आणि सपाट रस्त्यावर ताशी ४० किलोमीटर वेगात फक्त कंट्रोलरची हाताने चालणारी कळ पूर्ण दाबावी. ट्रेलरने ट्रकला ठामपणे मागे ओढले पाहिजे आणि त्याची चाके जाम होऊन घासता कामा नयेत. जाम झाली तर जोर कमी करावा, ओढ जाणवली नाही तर वाढवावा. ट्रेलर रिकामा किंवा भरलेला झाला की ही जुळणी पुन्हा करावी लागते.

सुरक्षा-साखळ्या कपलरच्या खालून एकमेकींना छेद देत लावाव्यात, म्हणजे कपलर निसटलाच तर टंग, म्हणजे ट्रेलरचा पुढचा दांडा, रस्त्यावर न पडता त्या झोळीत पडतो. वळताना ताणल्या जाणार नाहीत इतकी ढिलाई ठेवावी, पण त्या रस्त्यावर घासू नयेत. तुटवेळी ट्रेलरचे ब्रेक लावणाऱ्या ब्रेकअवे स्विचची तार ट्रकच्या चासीला स्वतंत्र अडकवावी. ती साखळीला किंवा बॉलच्या दांड्याला बांधली तर तेच निखळल्यावर तिचा उपयोग उरत नाही.

पहिली फेरी

पहिली फेरी मोकळ्या रस्त्यावर, वेग टप्प्याटप्प्याने वाढवत करावी. प्रत्येक टप्प्यावर स्टीअरिंग अगदी हलके एकदा डावीकडे-उजवीकडे करून ट्रेलर किती हेलकाव्यांत शांत होतो ते आरशात पाहावे. एक-दीड हेलकाव्यात थांबला तर उत्तम. तीन-चार लागत असतील तर त्याहून जास्त वेगात जाऊच नये आणि परत येऊन भराई तपासावी. उतारावर ट्रेलर ट्रकला पुढे ढकलत असल्याने स्थैर्य कमी होते, म्हणून सपाटीवर साधलेला वेग उतारावर धरू नये.

एवढे करूनही डोलणे सुरू झालेच, तर स्टीअरिंग घट्ट आणि सरळ धरावे, ॲक्सिलरेटरवरून पाय हळू काढावा आणि ट्रकचा ब्रेक न दाबता कंट्रोलरच्या कळीने फक्त ट्रेलरचे ब्रेक लावावेत. त्यामुळे ट्रेलर मागून ताणला जाऊन रेषेत येतो. हेलकाव्याच्या उलट स्टीअरिंग फिरवण्याचा मोह आवरावा. एक हेलकावा एक-दोन सेकंदांचा असतो, हाताला पोहोचायला उशीर होतो आणि आपण प्रत्येक वेळी चुकीच्या क्षणी जोर घालून त्याला मोठे करतो. वेग वाढवून तो सरळ करण्याचा सल्ला कानावर येतो, तो पाळू नये, कारण वेग हेच हेलकावा वाढण्याचे कारण आहे. गाडी शांत झाल्यावर सुरक्षित जागी थांबावे आणि बॉलवरचा भार, सरकलेले सामान आणि टायरांतील हवा याच क्रमाने पाहावे.

नव्या जुळणीत पहिल्या ८० किलोमीटरांच्या आत एक-दोनदा थांबून चाकांचे नट, बॉलचा नट आणि हिचच्या डोक्याचे बोल्ट टॉर्क रेंचने पुन्हा तपासावेत, कारण नवे भाग बसताना सैल होतात. त्याच थांब्यावर प्रत्येक चाकाच्या हबजवळ हात नेऊन पाहावा. एकच चाक बाकीच्यांपेक्षा स्पष्ट गरम लागत असेल, तर त्याचा ब्रेक घासत आहे किंवा बेअरिंग बिघडत आहे, आणि ते दुरुस्त केल्याशिवाय पुढे जाऊ नये.